चीफचं वर्ष आणि व्हिसाची सात वर्षं

जानेवारीत फ्लूचे पेशंट वॉर्डात असतात आणि फ्लू झालेले रेसिडेंट घरी. नेमक्या त्याच सुमारास आमच्या इंटर्नल मेडिसिन प्रोग्रॅममध्ये पुढच्या चीफ रेसिडेंटची, म्हणजे रेसिडेंटच्या ड्युट्या आणि शिकवणं सांभाळणाऱ्या प्रमुखाची, निवड होते. अमेरिकेत सर्जरीमध्ये शेवटच्या वर्षाचा रेसिडेंटच चीफ असतो. मेडिसिनमध्ये मात्र तीन वर्षांची रेसिडेन्सी संपल्यावर बहुतेक ठिकाणी चौथं, जादा वर्ष द्यावं लागतं. म्हणून दुसऱ्या वर्षातच ठरवावं लागतं: हे वर्ष द्यायचं, की सरळ फेलोशिपला, म्हणजे पुढच्या सुपरस्पेशॅलिटी प्रशिक्षणाला, जायचं?

पुण्याहून एमबीबीएस करून आलेली एक सेकंड इयर हाच प्रश्न घेऊन आली. "मॅडम, सगळे म्हणतात, चीफ झालं की कार्डिऑलॉजी नक्की. शुक्रवारपर्यंत कळवायचंय." मी असोसिएट प्रोग्रॅम डायरेक्टर. तिने होकार दिला तर आमचीच सोय होणार होती, म्हणून सल्ला देण्याआधी तिला म्हटलं, "उद्या तू इलेक्टिव्हवर आहेस, वॉर्डात नाहीस ना? पहाटे पाचला चीफच्या खोलीत येऊन बस."

पाच वाजून गेले आणि फोन आला. आयसीयूचा डे रेसिडेंट तापाने फणफणलेला. जेपर्डीवरचा, म्हणजे ऐनवेळच्या बदलीसाठी राखीव, पहिला रात्रीच नाइट फ्लोटच्या (रात्रपाळीच्या रेसिडेंटच्या) जागी गेला होता, त्याला आता झोप हवी. जेपर्डीवरची दुसरी नुकतीच वॉर्डातून सुटलेली. गेल्या चार आठवड्यांत तिला तीनच सुट्ट्या मिळाल्या होत्या आणि आजची चौथी होती. ती काढून घेतली असती तर सातातला एक दिवस मोकळा, हा नियम मोडला असता आणि आठवड्याला ८० तासांची सरासरीही काठावर आली असती. क्लिनिकच्या आठवड्यातल्या कुणाला उचलावं तर त्याच्या पेशंटनी कधीच्या अपॉइंटमेंट घेतलेल्या. शेवटी चीफने कार्डिऑलॉजी कन्सल्टवरच्या थर्ड इयरला आयसीयूत पाठवलं, फेलोला फोन करून आज एकट्याने कन्सल्ट बघायला सांगितलं, ॲमिऑनवर (ड्युट्यांच्या ऑनलाइन वेळापत्रकात) बदल केला आणि परतफेडीची शिफ्ट तिथल्या तिथे लावून टाकली. नवे चीफ हे शेवटचं काम हमखास राहू देतात. मग मार्चमध्ये कुणी कुणासाठी किती रात्री काढल्या, यावरून बॅचमध्ये धुसफुस सुरू होते.

आठ वाजता मॉर्निंग रिपोर्ट (केसची चर्चा), मग रेसिडेन्सीच्या उमेदवारांच्या ऑनलाइन मुलाखती. नून कॉन्फरन्सचा (दुपारच्या लेक्चरचा) वक्ता ऐनवेळी कॅथ लॅबमध्ये अडकला, तेव्हा चीफनेच हायपोनेट्रेमियाची (रक्तात सोडियम कमी होण्याची) एक केस फळ्यावर घेतली. दुपारी चीफला एका इंटर्नशी बंद दाराआड बोलायचं होतं, तेव्हा आमच्या सेकंड इयरला बाहेर थांबवलं. हे बोलणं सीव्हीवर कुठेच येत नाही, पण माझ्या मते चीफच्या वर्षाचा गाभा तोच आहे. ज्याला हे करावंसं वाटत नाही, त्याने केवळ फेलोशिपच्या लोभाने हे पद घेऊ नये. अख्ख्या बॅचला ते भोगावं लागतं.

तिला मात्र ते आवडलं होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. संध्याकाळी आम्ही कागद घेऊन बसलो.

थेट जायचं तर येत्या जुलैत, तिसरं वर्ष लागताच, ईरासवर (अर्जांच्या सामायिक ऑनलाइन यंत्रणेवर) अर्ज. ऑगस्टपासून मुलाखती, डिसेंबरच्या सुरुवातीला मॅच (दोन्हीकडच्या पसंतीक्रमावरून जागावाटप), पुढच्या जुलैत फेलोशिप. चीफ व्हायचं तर सगळं वर्षभर पुढे जातं आणि एकाच वेळी अंगावर येतं: जुलैत नवे इंटर्न आणि अर्ज, ऑगस्टमध्ये बोर्डाची (स्पेशालिस्टच्या प्रमाणपत्राची) परीक्षा आणि मुलाखती.

"चीफला हो म्हणून यंदाच अर्जही करून ठेवला तर?"

ते चालत नाही. मॅच बंधनकारक असतो. लागला की एकतर रुजू व्हायचं, नाहीतर मॅच चालवणाऱ्या एनआरएमपीकडे सूट मागायची. शिवाय चीफच्या जागेसाठी प्रोग्रॅम ऐनवेळी दुसरा कुठून आणणार?

मग व्हिसा. ती जे-१ वर. प्रशिक्षणासाठी या व्हिसावर एकूण सात वर्षं मिळतात, आणि तिला इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजी (अँजिओप्लास्टीसारख्या प्रक्रिया) करायची होती. रेसिडेन्सी तीन, कार्डिऑलॉजी तीन, इंटरव्हेन्शनल एक: बरोबर सात. मध्ये चीफचं वर्ष घातलं की इंटरव्हेन्शनलचं वर्ष आठवं होतं. त्यासाठी मायदेशाला अशा तज्ज्ञाची असाधारण गरज आहे, हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला पटवावं लागतं. त्या भरवशावर मी कुणालाच पुढे ढकलणार नाही. शिवाय आमचा चीफ काही आठवडे अटेंडिंग, म्हणजे पेशंटची अंतिम जबाबदारी असलेला डॉक्टर, म्हणून राउंड घेतो. जे-१ प्रशिक्षणापुरताच असतो, मूनलायटिंगही (वरकमाईच्या जादा ड्युट्याही) चालत नाही. त्यामुळे नियुक्तीपत्रात पदाचं वर्णन कसं केलंय, हे सहीआधीच हॉस्पिटलचं जीएमई (प्रशिक्षण) ऑफिस आणि डॉक्टरांच्या जे-१ ची प्रायोजक संस्था ईसीएफएमजी यांच्याकडून तपासून घ्यावं लागलं असतं.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गणित आणखी आवळतं. मर्यादा सहा वर्षांची, त्यामुळे ग्रीन कार्डची प्रक्रिया वेळेत सुरू झालेली नसेल तर चीफनंतर साधी कार्डिऑलॉजीसुद्धा पुरी होत नाही. नेफ्रॉलॉजी, एंडोक्रिनॉलॉजी किंवा इन्फेक्शियस डिसीज दोन वर्षांची. या फेलोशिप चीफचं वर्ष धरूनही दोन्ही व्हिसांत बसतात.

राहिलं अर्जाचं वजन. चीफ असल्याने ते वाढतं, प्रोग्रॅम डायरेक्टरचं पत्रही ठोस होतं. पण संशोधनाची उणीव त्याने भरून निघत नाही, आणि चीफच्या वर्षात पेपर लिहायला निवांत वेळ मिळेल असं धरून चालू नये. तिचं इको लॅबमधलं काम छापून आलं होतं, तिला जवळून ओळखणारे दोन कार्डिऑलॉजिस्ट पत्र द्यायला तयार होते. थांबून त्यात फार भर पडणार नव्हती.

गुरुवारी सकाळीच तिने नकार कळवला, त्यामुळे आम्हाला दुसऱ्याला विचारायला वेळ मिळाला. तिच्याच बॅचमधल्या एकाने ते पद घेतलं. त्याला फेलोशिप नको, रेसिडेंटना शिकवायचंय, आणि व्हिसाचा प्रश्न नाही. त्याच्यासाठी हे वर्ष अगदी योग्य. तिने माझ्याकडून नून कॉन्फरन्सचे कार्डिऑलॉजीचे तास मागून घेतले. पत्रं मेअखेरपर्यंत तयार हवीत, हे दोघा कार्डिऑलॉजिस्टना तिने त्याच दिवशी कळवलं.