चाक फिरतं, पण मशीन वळत नाही

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे पाणी कधी एका दिशेने चालत नाही. ओहोटीची ओढ एकीकडे, लाट दुसरीकडे. तिथेच गेल्या नोव्हेंबरात मी आमच्या 18 फुटी फायबर बोटीचं चाक डावीकडे वळवलं, आणि बोट तशीच पुढे जात राहिली. मग एकदम वळली. बोटीत बहिणीची दोन मुलं होती. वेग उतरवून खाडीत परत येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

एका मेकॅनिकने फोनवरच सांगितलं, स्टिअरिंगची केबल गेली, नवी टाका. पण बोट न बघता केबल बदलायची हे मनाला पटेना. प्ले, म्हणजे जोडांमधला ढिलेपणा, नेमका कुठे आहे ते आधी कळायला हवं होतं.

आमच्या बोटीत चाकामागे, डॅशबोर्डच्या आत गिअरचा डबा आहे. तो केबलमधली तार पुढे-मागे ढकलतो. तारेच्या टोकाला असलेला स्टीलचा दांडा मशीनच्या, म्हणजे बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनच्या, टिल्ट ट्यूबमधून (मशीन ज्यावर वर-खाली होतं ती नळी) बाहेर येतो, दांड्याला लिंक रॉड म्हणजे जोडदांडी, आणि ती मशीन वळवणाऱ्या आर्मला. या साखळीत हालचाल जिथे हरवते, दोष तिथे. त्यामुळे हे काम एकट्याने होत नाही, चाकावर एक आणि मशीनजवळ एक माणूस लागतोच.

चुलतभावाला बोलावलं. बोट किनाऱ्यावर, मशीन सरळ खाली, इंजिन बंद आणि ते चुकून सुरू होऊ नये म्हणून किल स्विचची क्लिप माझ्या खिशात. दादा मागे बसला. "तू चाक फिरव, मी हंय बघतंय."

मी चाक पूर्ण न फिरवता मधल्या जागेवरच थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहिलो. प्ले असाच पकडता येतो. पूर्ण फिरवलं की सगळंच हलतं आणि काही समजत नाही.

"दांडो हलता, मशीन हलणा नाय," दादा म्हणाला.

म्हणजे केबल काम करत होती. दांडाच उशिरा हलला असता तर संशय केबलवर नाहीतर गिअरवर घेतला असता. मग दादाने लिंक रॉडच्या सांध्यावर बोट ठेवलं आणि मला परत चाक हलवायला सांगितलं. प्रत्येक वेळी बोटाखाली टक् असा धक्का लागत होता. मी मागे जाऊन स्वतः बोट ठेवून पाहिलं. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते बोटाला लगेच कळलं.

बोल्ट काढला. त्याची मधली कंबर झिजून बारीक झाली होती, कडेला मिठाचा पांढरा थर, आणि झिजलेली जागा मात्र आरशासारखी चकचकीत. रॉडचं भोक लांबट झालेलं. आणि नट साधा होता! इथे आत प्लॅस्टिकची रिंग असलेला लॉकनटच हवा, आणि तोही एकदा काढला की परत वापरायचा नाही. हा बोल्ट नदीच्या त्या मुखाशी निसटला असता तर चाकाचा मशीनशी काही संबंधच उरला नसता. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पूर्ण लिंक रॉड, बोल्ट आणि लॉकनट नवे बसवले. मशीनचा खालचा पाय दोन्ही हातांनी धरून आडवा हलवून पाहिला. मशीन ज्यात वळतं त्या बुशमध्ये प्ले नव्हता. दांड्यावरचं वाळून घट्ट झालेलं ग्रीस पुसून काढलं. नवं भरताना एक गोष्ट दादाने बजावली: ग्रीस गन लावण्याआधी दांडा पूर्ण आत घ्यायचा. बाहेर असताना भरलं तर ट्यूबमध्ये ग्रीस कोंडतं आणि दांडा आत येत नाही, चाक जाम होतं.

चाकाला साधारण दोन बोटं प्ले अजून आहे, तो गिअरचा. डॅशबोर्डवर मार्करने दोन रेघा मारून ठेवल्या आहेत. त्यांच्यातलं अंतर वाढलं की गिअरचा डबा आणि केबल दोन्ही एकदम बदलणार.