पेठेतला चर आणि कात्रजचा नळ

पुण्याच्या पेठांत रस्ता खणायचा तर कात्रजचा नळ, म्हणजे जमिनीखालची जुनी दगडी पाणीवाट, जवळपास आहे का, हे आधी बघावं लागतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तळ्यांतून शनिवारवाड्यापर्यंत हे पाणी आणलं गेलं. वाटेत हौद, हवेसाठी आणि सफाईसाठी उच्छ्वास. नकाशावर नळाची सरळ रेघ असते, जमिनीत तो वळणं घेतो. त्या दिवशीचा आमचा चर त्या रेघेपासून सहा मीटर बाजूला होता. मैलापाण्याची जुनी लाइन काढून 600 मिमीची आरसीसी लाइन टाकायची होती, खोली 2.4 मीटर.

जेसीबीला बिनदात्यांचं बकेट लावायचं, हा देखरेखीतला आमचा पहिला आग्रह. दाते थर ओरबाडतात. सपाट ओठाने 15 सेंमीचा एकेक पदर काढला की माती कापल्यासारखी निघते आणि रंग बदलल्याचं लगेच कळतं. डांबर, खडी, मुरूम झाल्यावर मीटरभर भराव लागला : फुटकी कौलं, केबलचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या. प्लास्टिक निघतंय तोवर ती जागा आधी कुणीतरी उकरलेली असते. ते थांबलं की जेसीबीचा वेग निम्मा करायचा.

1.35 मीटरवर भरावाची तिरकी कड संपली. पलीकडे घट्ट काळी माती आणि तिच्यात हरभऱ्याएवढे पांढरे कण. चिमटीत चुरडले तर बोटाला पांढरं लागलं, म्हणजे चुना. सिमेंट करडं आणि खरखरीत लागतं. नुसत्या चुन्याने काही ठरत नाही, पाडलेल्या वाड्याच्या राडारोड्यातही तो असतो. पण राडारोड्यातला विखुरलेला असतो, इथे कण एका पट्टीत होते. हात वर केला, ऑपरेटरने बकेट उचललं.

पुढचं काम थापी आणि ब्रशने. चाळीस मिनिटांत चुन्यात बसवलेल्या ओबडधोबड दगडांची कमानीची पाठ उघडी पडली. पहारीच्या बुडाने हलकं ठोकलं तर पोकळ आवाज. एका सांध्यातला चुना गळून अंगठ्याएवढं भोक पडलं होतं. त्यातून गार, दमट हवा वर येत होती. ओळंबा सोडला : भोकापासून तळ 1.7 मीटरवर आणि दोरीची शेवटची चार बोटं ओली. नळ अजून वाहता होता.

अशा नळाचा घात बकेटपेक्षा रोलर जास्त करतो. व्हायब्रेशनने सांध्यांतला जुना चुना मोकळा होतो, पावसाळ्यात वरची माती आत झिरपते आणि वर्षभरात रस्त्याला खड्डा पडतो. दुसरा धोका पाइपखालच्या काँक्रीटचा. त्यातली सिमेंटची पातळ रबडी भोकातून आत उतरून पाण्याची वाट कायमची बंद करतो.

पाइप वर उचलता येत नव्हता, घरांच्या चेंबरपासूनचा उतार ठरलेला. कमानीवरून 450 मिमीचे दोन पाइप न्यावेत, अशी सूचना आली. पण त्याच उतारावर असे दोन मिळूनही 600 मिमीच्या एका पाइपइतकं पाणी वाहून नेत नाहीत, आणि पातळीचा प्रश्न उरतोच. शेवटी लाइन 1.8 मीटर पदपथाकडे सरकवली. दोन वळणं, म्हणून दोन चेंबर वाढले.

संध्याकाळपर्यंत ऑटो लेव्हलच्या दुर्बिणीने कमानीचा आरएल (ठरावीक पातळीपासूनची उंची), 1:20 चं रेखाटन, मापपट्टी ठेवून फोटो आणि उच्छ्वासांपासूनची अंतरं, एवढं झालं. भोक चुना-वाळूने बुजवलं. सिमेंट तिथे नकोच, ते दगडात ओल कोंडतं. वर जिओटेक्स्टाइलचं कापड, 15 सेंमी चाळलेली वाळू, इशाऱ्याची पट्टी आणि हाताच्या धुम्मसाने चोपलेला मुरूम.

केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरचं निषिद्ध क्षेत्र असतं, पण प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 च्या दुरुस्तीने आलेली ‘बांधकामा’ची व्याख्या गटारकामांना वगळते. म्हणून खणताना जुन्या अवशेषांसाठी देखरेखीची अट निविदेतच लिहून घ्यावी, तीही बिनदात्यांच्या बकेटसकट. नवी दोन चेंबरं दुसऱ्या दिवशी हातानेच खणायची, असं ठरवून आम्ही चर झाकला.