माशी, काळा गोल आणि अर्धा नंबर

‘रायफलीवर दुर्बीण बसवून टाक की आता,’ नेमबाजीतला सोबती सहज बोलून गेला. मनात काही ठेवून बोलणाऱ्यातला नाही तो. तरी दिवसभर ते कुसळासारखं सलतंय.

कारण त्याला जे कळलं ते मला आधीपासून कळत होतं. माशीची, म्हणजे नळीच्या टोकावर नेम धरायला असलेल्या खुंटीची, कड हल्ली धारदार राहत नाही. पहिल्या काही गोळ्यांना बरी असते. मग वरचा काठ मऊ पडतो, राखाडी होतो, आणि लक्ष्यावरच्या काळ्या गोलाखाली ती नेमकी कुठे थांबली आहे ते सांगता येत नाही.

रायफलीवर ढकलायला जागा नाही. के-31 आहे ती, स्विस सैन्याची जुनी रायफल. कर्नल आडोल्फ फुररचा नमुना, बर्नच्या सरकारी शस्त्र कारखान्यातला. 1958 पर्यंत अशा सव्वापाच लाखांवर निघाल्या. काडतूस तिच्याहूनही जुनं, 1911 चं जीपी 11. गोळी 11.3 ग्रॅमची, वेग सेकंदाला 780 मीटरच्या आसपास. या जोडीनं काय करायचं ते ती करतेच, आपण मध्ये लुडबुड केली नाही तर. बोल्ट सरळ मागे ओढायचा, फिरवायचा नाही. हातचं राखून ओढला की रिकामं काडतूस अडतं, एका दमात ओढला की नाही. नळीत ग्रीस राहिलं असेल तर पहिली गोळी भलतीकडे जाते, म्हणून आधी कोरडी चिंधी फिरवायची. सळई मागून, चेंबरकडून घालायची, कारण नळीच्या तोंडाची कड एकदा झिजली की तिला इलाज नाही. स्क्रू घट्ट आहेत, लाकूड नळीला कुठे नको तिथे टेकत नाही. उरला डोळा.

दस्त्याच्या मागच्या पट्टीखाली ती वापरलेल्या कुणा सैनिकाच्या नावाची चिठ्ठी असू शकते. त्याची नजर कशी होती कोण जाणे. तो विषय आज नको.

माशी आणि जिच्यातून ती बघायची ती मागची खाच यांत सुमारे 57 सेंटीमीटर अंतर. 300 मीटरवरच्या लक्ष्यावर काळा गोल 60 सेंटीमीटरचा आणि दहा गुणांचं वर्तुळ 10 सेंटीमीटरचं. आता माशीचा माथा खाचेत 0.1 मिलिमीटरनं वर-खाली झाला, तर तिकडे गोळी 5 सेंटीमीटरहून थोडी जास्त सरकते. म्हणजे दहाच्या मधोमध जाणारी गोळी थेट दहाच्या काठावर. केसभर फरक! आणि माझ्या माशीचा काठ त्याहून कितीतरी जाड धूसर दिसतोय. मग नेम कशाच्या भरवशावर धरायचा?

दुर्बीण हा उपाय आहेच, नाही असं नाही. पण या रायफलीची रिकामी काडतुसं वर उडतात, डोक्यावर दुर्बीण ठेवली तर ती आडवी येते. म्हणून चिमट्यासारख्या माउंटनं ती डावीकडे सरकवून बसवतात. (भोकं पाडून बसवणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.) मग नजरेची रेषा आणि गोळीची रेषा एकाच अंतरावर छेदतात, त्याच्या अलीकडे-पलीकडे गोळी बाजूला पडते. स्विस सैन्याच्या 31/42 आणि 31/43 या दुर्बिणीच्या आवृत्त्यांतही ती डाव्या अंगालाच होती. चालतं, उत्तम चालतं. मला नको आहे, एवढंच. का नको, याला धड उत्तर नाही. उघड्या माशीवर नेम धरता येतो याचा जो काही ताठा होता, तो असा एका वाक्यात निघून जावा, हेच खुपतंय बहुतेक. हात स्थिर आहे, श्वास जागेवर थांबतो, चापाचा पहिला ढिला टप्पा संपून दुसरा कुठे सुरू होतो ते बोटाला पाठ आहे. आणि डोळ्यानं दगा द्यावा! चाळिशी सगळ्यांनाच लागते म्हणे. लागू दे सगळ्यांना.

एवढं रडगाणं गाऊन झाल्यावर कागद-पेन्सिल घेतली, तर प्रकरण अगदीच किरकोळ निघालं. चष्म्याचा अर्धा नंबर.

नंबर काढताना सहा मीटरवरचा तक्ता वाचायला लावतात आणि मग हातातलं पुस्तक. माशी असते डोळ्यापासून साधारण एक मीटरवर, आणि त्या अंतराचं कुणी विचारतच नाही. नजर माशीवर जमवली की लक्ष्य फुटतं, लक्ष्यावर जमवली की माशी. दोघांना सारखाच धूसरपणा वाटून देणारी जागा माशीच्या दुप्पट अंतरावर असते, म्हणजे दोन मीटरवर. लांबच्या नंबरात अधिक 0.50 मिळवला की सैल सोडलेला डोळा आपोआप तिथेच जमतो. 0.75 नं माशी कोरल्यासारखी दिसते खरी, पण काळा गोल फार पसरतो. खाच धूसरच राहणार, राहू द्यावी. धूसर खाचेचाही मध्य डोळा बरोबर काढतो.

दुसरी गोष्ट छिद्राची. डोळ्याची बाहुली 4 मिलिमीटर उघडी असेल आणि चष्म्याच्या काचेवर 1.2 मिलिमीटरचं छिद्र असलेली काळी चकती लावली, तर धूसरपणा एक तृतीयांशाहूनही कमी उरतो. त्याहून बारीक छिद्राचा मोह नको. एक मिलिमीटरच्या खाली अंधार वाढतो आणि कडा पुन्हा फुटायला लागतात. चकती उभ्यानं चिकटवायची नाही. पोटावर झोपून, गाल दस्त्याला टेकवून, नजर काचेच्या ज्या जागेतून जाते तिथे खूण करायची. ती जागा वर, नाकाच्या बाजूला येते. दुहेरी काचेचा चष्मा याच कारणानं कुचकामी: जवळचा नंबर खाली, आणि आपण बघतो वरून. काचही नजरेला काटकोनात हवी, तिरकी राहिली तर माशीची एक कड दुहेरी दिसते.

बाकी जुनंच. माशीवर काजळी धरायची, नाहीतर बाजूच्या उन्हात एक कड चमकते आणि डोळा फसतो. माशी काळ्या गोलाला चिकटवायची नाही, मध्ये पांढरी रेघ सोडायची. काळ्यात काळं मिसळलं की उंचीचा अंदाज संपला. सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली. टक लावून बसलं की डोळा समोर नसलेली माशीसुद्धा दाखवतो, आणि ती खऱ्या माशीपेक्षा फार सुबक असते.

दुर्बिणीचं त्याला काय सांगायचं ते ठरलं नाही. चष्म्याचं सांगितलं तर हसेल. हसू दे. हा चष्मा लावून ना वाचता येणार, ना रस्त्यावरची पाटी नीट दिसणार, आणि गुणफलक तर त्यालाच वाचून दाखवायला सांगावा लागेल.