सुपर कॉम्बॅटचा दुसरा घोट कधी घ्यायचा? ओल्ड स्कूल रूनस्केप (ऑनलाइन खेळ), नोंद ४

खात्याची सद्यस्थिती: अटॅक, स्ट्रेंथ, डिफेन्स तिन्ही ९९. पायटी (ताकद वाढवणारी प्रेयर) चालू, अ‍ॅग्रेसिव्ह स्टाइल, गिअरचा (अंगावरच्या शस्त्र-चिलखताचा) एकूण स्ट्रेंथ बोनस १००. या टप्प्यावर प्रश्न एकच होता, पोशनचा पुढचा घोट नेमका कुठल्या आकड्यावर घ्यायचा. जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यातले बहुतेक भाऊ घड्याळ बघून पितात, नाहीतर आठवलं की पितात. दोन्हीत डोस वाया जातो.

आधी मूळ हिशोब. सुपर अटॅक, सुपर स्ट्रेंथ, सुपर डिफेन्स आणि तिन्ही एकत्र देणारं सुपर कॉम्बॅट या सगळ्यांचा बूस्ट (लेव्हलची तात्पुरती वाढ) ५ अधिक मूळ लेव्हलच्या १५ टक्के असतो, आणि अपूर्णांक उडवला जातो. ९९ ला ५ + १४ = १९, म्हणून ११८. ९४ लाही बूस्ट १९ च. पण ९३ ला तो १८ आहे. म्हणजे ९३ चं ९४ झालं की पोशनसह दोन लेव्हल वाढतात, आणि पुढे ९९ पर्यंत एकेकच. खाली असे टप्पे ६०, ६७, ७४, ८०, ८७ ला येतात. जे भाऊ ५९ वर अडकलेत त्यांनी बॉसला (मोठ्या शत्रूला) जाण्याआधी तेवढी एक लेव्हल काढून घ्यावी. ५९ ला पोशनसह ७२ होतात, ६० ला थेट ७४.

आता मॅक्स हिट, म्हणजे एका वारात जास्तीत जास्त किती लागतं. बूस्ट झालेली स्ट्रेंथ गुणिले १.२३ (पायटी), अपूर्णांक उडवा. त्यात अ‍ॅग्रेसिव्हचे ३ आणि कायमचे ८ मिळवा. येईल त्याला गिअर बोनस अधिक ६४ ने गुणा, ६४० ने भागा, अर्धा मिळवा आणि पुन्हा अपूर्णांक उडवा. आपल्या गिअरवर पोशन नाही, पायटी नाही तेव्हा २८. नुसत्या पोशनने ३३. पोशन आणि पायटी मिळून ४०.

पण भो, हे ४० टिकतं किती? बूस्ट दर मिनिटाला एकाने उतरतो. ११८ चं ११७ झालं की हिशोब ३९.९६ वर येतो आणि उडून ३९ राहतात. एका लेव्हलमुळे मॅक्स हिटमधला पूर्ण एक पॉइंट गेला! त्यानंतर मात्र ११६, ११५, ११४ पर्यंत ३९ च राहतात, आणि ११३ ला ३८ होतात. म्हणून ११६ बघून घाबरून घोट मारण्यात काही अर्थ नाही. ११३ दिसलं की प्या. एक घोट साधारण पाच मिनिटं पुरतो, चार डोसांची बाटली वीस मिनिटं.

यातच ड्रॅगन बूट काढून प्रायमॉर्डियल घातले. स्ट्रेंथ बोनस एकानेच वाढतो, ४ चे ५. एवढ्या महाग बुटांचा एका पॉइंटसाठी काय उपयोग, असं ऐकायला मिळतं. बोनस १०१ झाल्यावर ११७ लाही ४० लागतात, ३९ सुरू होतात ११६ पासून. म्हणजे दर घोटामागे ४० चं जास्तीचं एक मिनिट. या सेटअपवर स्ट्रेंथच्या बाजूने फायदा तेवढाच. तुमचा बोनस वेगळा असेल तर पायरी वेगळ्या ठिकाणी पडेल, तेव्हा आमचे आकडे उचलू नका, स्वतःचे काढा. अचूकतेचं गणित मात्र असं पायरीपायरीने उतरत नाही. अटॅक रोलचे आकडे हजारांत असतात, त्यामुळे तिथे प्रत्येक लेव्हल थोडी थोडी जाते.

एक गोष्ट बरेच जण चुकतात. मिनिटाचा काटा घोट घेतल्यापासून सुरू होत नाही. तो आपला आपण फिरत असतो. घोट घेतल्यावर दहा सेकंदांत ११७ दिसलं तर गेम बिघडला नाही, तुम्ही काट्याच्या शेवटी प्यालात. कॉम्प्युटरवर रूनलाइट या क्लायंटचं (खेळ चालवणाऱ्या प्रोग्रामचं) बूस्ट प्लगइन पुढच्या उतरणीचे सेकंद दाखवतं, आणि बूस्ट ठरलेल्या आकड्यावर आला की सूचनाही देतं. आपल्याला तो आकडा १४ हवा. मोबाइलवर स्किल टॅबमधल्या ११३/९९ वर डोळा ठेवावा लागतो.

प्रिझर्व्ह प्रेयर लावली तर मिनिटाऐवजी ९० सेकंदांनी एक लेव्हल उतरते. तिला प्रेयर ५५ आणि चेंबर्स ऑफ झेरिकमधली फाटकी स्क्रोल लागते. डिव्हाइन सुपर कॉम्बॅट पाच मिनिटं ११८ धरून ठेवतं, मग एकदम ९९ वर आपटतं, आणि प्रत्येक घोटाला १० हिटपॉइंट्स घेतं. वरच्या हिशोबात साधं पोशनही पाच मिनिटं ३९-४० देतंच. त्यामुळे रोजच्या स्लेयरला (नेमून दिलेले राक्षस मारायला) डिव्हाइनसाठी लागणारी क्रिस्टल डस्ट घालवू नये असं आमचं मत. लांब बॉसफाइटला ठीक.

सॅराडोमिन ब्रू (हिटपॉइंट्स भरणारं पेय) असेल तर क्रम सोडू नका. ब्रू अटॅक-स्ट्रेंथ कमी करतो, चालू लेव्हलच्या १० टक्के अधिक २. तीन घोटांत ११८ चं १०५, ९३, ८२. यावर लगेच सुपर कॉम्बॅट प्यालात तर ८२ + १९ = १०१ वरच थांबाल. आधी सुपर रिस्टोअरचा एक घोट (८ अधिक २५ टक्के, म्हणजे ९९ ला ३२), तो परत ९९ वर आणतो. मग कॉम्बॅट.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या वर गेला की फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग अडखळतो. खेळाचा एक टिक (ठोका) ०.६ सेकंदाचा, त्यात टॅप हुकला की घोट ब्रूच्या बाटलीवर पडतो. बाटल्या शेजारी शेजारी ठेवू नका, मधे एक ओळ खाण्याची ठेवा. खेळताना चार्जर काढा, कव्हर काढा, कूलरच्या वाऱ्यात बसा, पण त्याच्या तुषारात नको. लाइट गेली आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर लढाईतलं पात्र लगेच बाहेर पडत नाही, मार खात उभं राहतं. भारनियमनाच्या वेळेला बॉस नको.

लढाईबाहेरचे बूस्ट थोडक्यात. दिसणारा बूस्ट अट पूर्ण करतो, न दिसणारा फक्त वेग देतो. फिशिंग गिल्डचे +७ वेग वाढवतात, नवा मासा उघडत नाहीत. क्रिस्टल सॉ अपवाद, त्याचे +३ दिसत नाहीत पण करवत लागणाऱ्या बांधकामात धरले जातात. त्यावर मसालेदार स्ट्यूचे +५ मिळाले की कन्स्ट्रक्शन ८२ ला ९० चा ऑर्नेट पूल (घरातलं कुंड) होतो, ८३ ला ९१ ची ज्वेलरी बॉक्स. चहाचे +३ स्ट्यूवर चढत नाहीत, जो मोठा तोच राहतो. स्ट्यू मात्र जुगार आहे. तीन डोस मसाला टाकला तरी ५ पर्यंत वर जाईल किंवा ५ पर्यंत खाली, काही सांगता येत नाही. शेवभाजीत तिखट किती पडलंय हे निदान रंगावरून कळतं, इथे तेही नाही. खाली गेलं तर सुपर रिस्टोअर प्या आणि पुन्हा खा. सामान आणि खालचे पूल आधी तयार ठेवा, नाहीतर +५ लागल्यावर सामान आणायला बँकेत पळाल आणि मिनिट संपेल.

चिलखत-तलवार घालायला कुठलाच बूस्ट चालत नाही, तिथे मूळ लेव्हलच मोजतात.

शेतीला बूस्ट सर्वात स्वस्त पडतो. मॅजिक झाडाला फार्मिंग ७५ लागतं. गार्डन पायने (टोमॅटो, कांदा, कोबी) +३ मिळतात, म्हणून ७२ ला रोप लावता येतं. अट फक्त लावताना आहे, नंतर तपासायला बूस्ट लागत नाही. पायचे दोन घास असतात. पहिला घास खड्ड्यापाशी उभं राहूनच खा, उरलेला अर्धा पुढच्या खड्ड्याला.