माल कच्चा राहिला तर

"सिलिकॉन म्हणजे शेवटी प्लास्टिकच ना गं? मग ते लेकराच्या डोक्यात कसं चालतं?"

खालच्या मजल्यावरच्या आजींनी मागच्या महिन्यात विचारलं. त्यांच्या नातवाच्या मेंदूत पाणी साचत होतं म्हणून शंट बसवलाय. डोक्यातलं जादा पाणी पोटात उतरवणारी ही बारीक नळी सिलिकॉन रबरची असते. एरवी हाच प्रश्न मला कुकरच्या रिंगवरून किंवा दुधाच्या बाटलीच्या निपलवरून विचारतात. वसईत रबराच्या गाळ्यावर माल तपासण्यात माझी 22 वर्षं गेली, त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येतो. आजी, तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट सांगते.

आधी नावाचा घोळ. मोबाइलच्या चिपमध्ये असतं ते सिलिकॉन हे मूलद्रव्य. आमचं सिलिकॉन त्याच्यापासून बनवलेलं रबर. मराठीत दोघांना एकच नाव पडलं, पण वस्तू वेगळ्या. प्लास्टिकचा आणि झाडाच्या रबराचा कणा कार्बनचा असतो. सिलिकॉन रबरच्या कण्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजन आलटून पालटून येतात. वाळूत आणि काचेत हीच जोडी आहे. फक्त इथे प्रत्येक सिलिकॉनच्या दोन्ही बाजूंना मिथाइलचे, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे, छोटे गट लटकलेले असतात, म्हणून काचेसारखं कडक न होता ते वाकतं, ताणतं. ही जोडी सहजी तुटत नाही. त्यामुळे उणे 50 अंशांच्या थंडीपासून 200 अंशांच्या उष्णतेपर्यंत हे रबर रबरच राहतं, उन्हात तडकत नाही, आणि दवाखान्यात वाफेवर निर्जंतुक केलं तरी बिघडत नाही.

सगळीकडे मात्र ते चालत नाही. पेट्रोलमध्ये फुगतं. हवा त्याच्यातून सहज आरपार जाते. आणि एकदा बारीक चीर पडली की पुढे भराभर फाटतं, त्या बाबतीत झाडाचं रबर कितीतरी चिवट.

पण आजी, माझं खरं म्हणणं पुढे आहे. सिलिकॉन चांगलं की वाईट हे नावावरून ठरत नाही, ते कसं शिजलंय यावरून ठरतं. कच्चा माल मळलेल्या कणकेसारखा मऊ असतो. तो साच्यात दाबून तापवला की त्या सिलिकॉन-ऑक्सिजनच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजाग बांधल्या जातात आणि रबर तयार होतं. आम्ही याला शिजवणंच म्हणतो. पेरॉक्साइड नावाचं रसायन घालून शिजवलं तर त्याचे अवशेष आत उरतात. ते घालवायला साच्यातून काढलेला माल पुन्हा 200 अंशांच्या ओव्हनमध्ये साधारण 4 तास ठेवावा लागतो. ओव्हनची वेळ मारली तर वस्तू दिसायला हुबेहूब तीच, पण नाकाला लावली की उग्र वास येतो. औषधपाण्याच्या कामाला बहुतेकदा प्लॅटिनमच्या मदतीने शिजणारं सिलिकॉन घेतात, त्यात हे अवशेष नसतात. पण प्लॅटिनमला गंधक अजिबात सोसत नाही. नवी होते तेव्हा मी लेटेक्सचे हातमोजे घालून असा माल हाताळला होता. लेटेक्समध्ये गंधक असतं. जिथे जिथे माझी बोटं लागली तिथे माल चिकट, कच्चा राहिला. अख्खा घाणा फेकला. बोटांचे ते ठसे मला अजून दिसतात.

शिजवण्यातल्या उणिवेची फार मोठी किंमत एकदा जगाने मोजली आहे. 1960 साली अमेरिकेत, ओरेगनमध्ये, डॉ. अल्बर्ट स्टार आणि निवृत्त इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांनी हृदयाची कृत्रिम झडप बसवली. धातूचा छोटा पिंजरा आणि आत वरखाली होणारा सिलिकॉन रबरचा गोळा. माणसं खरोखर जगली. पण पुढच्या काही वर्षांत काही जणांच्या झडपेतले गोळे पिवळे पडू लागले, फुगले, काहींना तडे गेले, काही पिंजऱ्यात अडकले. रक्तातली चरबी त्या रबराने शोषून घेतली होती. उपाय सापडला तो शिजवण्यातच. 1965 च्या सुमारास गोळ्याचं क्युअरिंग, म्हणजे हेच शिजवणं, सुधारलं आणि हा दोष जवळपास संपला. पदार्थ तोच, आकारही तोच. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ओव्हनच्या नोंदवहीत वेळ लिहिणारी मीच होते.

आता तुमच्या नातवाची नळी. तिची गोष्टही एका बापापाशी जाते. जॉन होल्टर हा अमेरिकेतला तंत्रज्ञ. 1955 मध्ये त्याचा मुलगा केसी जन्मला, त्याच्याही डोक्यात पाणी साचत होतं. होल्टरने सिलिकॉनमध्ये बारीक चिरा पाडून पाणी एकाच दिशेला सोडणारी झडप बनवली, आणि 1956 पासून ती मुलांना बसू लागली. केसी लहानपणीच गेला. ती झडप मात्र नंतर असंख्य मुलांच्या कामी आली.

म्हणून आजी, ते प्लास्टिक आहे म्हणून घाबरू नका. पण ते आत कायम नव्यासारखं राहतं असंही मी म्हणणार नाही. नळी तुंबू शकते, वर्षांनी तिच्यावर चुना साचून ती कडक होते, तुटूही शकते. पोराला उलट्या, डोकेदुखी, गुंगी आली तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. आणि ऑपरेशनच्या फाईलमध्ये एक छोटं स्टिकर चिकटवलेलं असेल, त्यावर लॉट नंबर असतो. तो माल कोणत्या घाण्यातला, कधी शिजला, हे त्या नंबरावरून मागे जाऊन शोधता येतं. सून फाईल कुठे ठेवते ते विचारा, आणि त्या स्टिकरचा फोटो तुमच्या मोबाइलमध्येही काढून ठेवा. जमत नसेल तर संध्याकाळी मी येते.