मिलिमीटरचा भाव

बेळगावात खानापूर रोडला माझं जुन्या टायरचं दुकान. जांबोटीवरनं चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणारी गिऱ्हाइकं पावसाच्या तोंडाला हमखास येतात. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायर खपून जातो, घाटात पाणी वाहायला लागलं की घाम फुटतो.

गेल्या पावसाळ्याआधी गणिताचे एक निवृत्त मास्तर आले. लेक म्हापशाला, गाडी स्विफ्ट. "नवा टायर चार हजाराला सांगायलेत. जुना सेट बघ की एखादा."

त्यांचा डोळा गेला तो कोपऱ्यातल्या चकचकीत सेटवर. तो ज्या गाडीचा, ती वर्षानुवर्षं शेडातच उभी, त्यामुळं नक्षी अख्खी. मी टायर फिरवून बाजूवरचे आकडे दाखवले: 1214. म्हणजे 2014 सालचा बारावा आठवडा. मग दोन्ही अंगठ्यांनी नक्षी फाकवली. खोबणीच्या तळाला बारीक भेगा, उन्हाळ्यात तळ्याची माती तडकते तशा.

"दहा वर्षांपुढचा टायर बदलाच म्हणून कंपन्याच सांगतात, गुरुजी. पत्र्यावर वजनाला ठेवा, घाटात नको."

दुसरा सेट 2022 चा. दिसायला झिजलेला, पण रबर मऊ, कुठं फुगा नाही, आतनं पॅच नाही. नक्षीची खोली मोजायचा गेज घातला, चार मिलिमीटर. "नवा आठाचा असतो. निम्मा शिल्लक, निम्मा भाव. दोन हजाराला एक." आमच्या धंद्यात सगळे असाच भाव काढतात, आणि गिऱ्हाइकालाही तो पटतो.

गुरुजींनी खोबणीतल्या उंचवट्यावर नख ठेवलं. "हे कशाला असतंय?"

"नक्षी तिथवर झिजली की टायर बाद. 1.6 मिलिमीटर, कायदाच आहे."

"मग आठातले कामाचे 6.4. आणि ह्या चारातले?"

"2.4," मी म्हटलं, आणि पुढचं कळून चुकलं.

त्यांनी माझंच बिलबुक पालथं घालून मागं मांडलं. नव्याचा मिलिमीटर 625 रुपयांना, माझ्या जुन्याचा 833 ला. "अरे, तुझा टायर नव्यापेक्षा महाग की!" पंक्चर काढणारा पोरगा तोंड फिरवून हसायला लागला.

त्या हिशेबानं एकाचे पंधराशे झाले. वर टायरचं वय सांगून गुरुजींनी तेराशेवर आणलं. चारांत जरा उजवे दोन होते, ते पुढं बसव म्हणाले. मी ऐकलं नाही, मागंच घातले. ओल्या वळणावर गाडीची मागची बाजू सुटली की भल्याभल्या ड्रायव्हरला सावरत नाही.

पैसे देताना म्हणाले, "आणि माझे उतरवलेले कितीला घेतोस?"

गेज लावला. चारीत दीड मिलिमीटर.

"गुरुजी, तुमच्या गणितानं 0.1 उणे येतंय. एका टायरला साडेबासष्ट. चारांचे अडीचशे तुम्हीच मला द्यायचे."

शेवटी चहावर मिटलं. चहाचे पैसे मात्र मीच दिले.