आरओव्ही नोंद ४: नळी कोरडी वर आली, आता तरंगण्याचा हिशोब

आरओव्ही म्हणजे केबलने दुरून चालवायचं पाण्याखालचं यान. त्याची सर्किट ठेवायची मुख्य नळी पूर्ण झाली. ॲक्रिलिक, बाहेरचा व्यास ११० मिमी, आतला १००, लांबी ३००, दोन्ही टोकांना लेथवर काढलेली डेलरिनची (एक कडक प्लास्टिक) झाकणं. विहिरीत १० मीटरवर अर्धा तास ठेवली आणि कोरडी वर आली. त्या खोलीवर प्रत्येक झाकणावर साधारण ९५ किलोचा भार येतो. ५ मिमीची भिंत तेवढं सहज पेलते. पाणी शिरतं ते जोडातून, म्हणून या वेळी सगळी मेहनत जोडांवर गेली.

ओ-रिंग, म्हणजे जोड बंद करणारी गोल रबरी कडी, ३ मिमी जाडीची, नायट्राइल रबराची, प्रत्येक झाकणाला दोन. झाकणाचा आत जाणारा भाग ९९.८ मिमी, खाचेच्या तळाचा व्यास ९५.२, खाचेची रुंदी ४. म्हणजे रिंगला २.४ मिमी जागा मिळते आणि ती २० टक्के दाबली जाते. दाबलेलं रबर बाजूला पसरतं, त्याला जागा हवी. इथे खाचेचा पाऊण भाग भरतो, ते योग्य आहे. खाच अरुंद ठेवली तर झाकण बसवतानाच रिंग सोलून निघते. बाजारातली ॲक्रिलिक नळी नेमकी गोल असेलच असं नाही, म्हणून लेथवाल्याकडे जाण्याआधी आतला व्यास चार दिशांनी मोजा. नळीची कापलेली कडा आतून १ मिमी तिरकी घासून घ्या, नाहीतर तीच कडा रिंग कापते. सिलिकॉन ग्रीस फक्त चकाकी येईल इतकंच. एक केस अडकला तरी गळती होते, आणि ग्रीसचा थर जाड असला की केस आणि धूळ त्यातच बसतात. ॲक्रिलिक स्पिरिटने पुसू नका. ताण असलेल्या जागी बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरतं.

झाकणात एक छोटा हवेचा स्क्रू हवाच. तो उघडा ठेवून झाकण बसवायचं, नाहीतर आतली हवा दाबली जाऊन झाकण परत बाहेर येतं. नळी बंद करून उन्हात ठेवली आणि आतली हवा २० अंशांनी तापली, तर झाकणाला आतून पाच किलोहून जास्त रेटा बसतो. खोल पाण्यात झाकण बाहेरून घट्ट दाबलं जातं, त्यामुळे खरा धोका काठावर आणि पहिल्या मीटरभर पाण्यात असतो.

म्हणूनच दर बुडीआधी निर्वात चाचणी. हातपंपाने ०.३५ बार हवा ओढायची, नळी सावलीत ठेवायची आणि १५ मिनिटं काटा बघायचा. ०.०३ बारपेक्षा जास्त घसरला तर झाकण काढून रिंग पुसून पुन्हा. ही चाचणी जेमतेम साडेतीन मीटर पाण्याएवढीच आहे. केस, चीर, सैल स्क्रू ती पकडते, नळीची ताकद नाही. ताकद बघायला नळी आत फक्त टिश्यू पेपर भरून, सर्किट न ठेवता उतरवायची. एक थेंबही कागदावर दिसतो. रिकामी नळी जवळपास तीन लिटर पाणी बाजूला सारते, तेव्हा ती बुडवायला शिसं हाताशी ठेवा.

केबलचं भोक हा सगळ्यात फसवा जोड. पोकळ बोल्टमधून तारा घेऊन इपॉक्सी ओतली आहे. प्रत्येक तारेचं आवरण १० मिमी सोलून उघडं तांबं इपॉक्सीत बुडवलं आहे. असं केलं नाही तर २० मीटर केबलला कुठेही चीर गेली, की पाणी तारांच्या पदरांमधून सरकत थेट नळीत येतं. बाहेरचं आवरण पॉलिथिनचं असेल तर इपॉक्सी त्याला धरतच नाही.

आता फ्लोट, म्हणजे यानाला वर उचलणारा भाग. आधी ५०० मिलीचा मऊ फोम लावला होता, तो काढून टाकला. १० मीटरवर एकूण दाब दुप्पट होतो, मऊ फोम निम्म्यापर्यंत आक्रसू शकतो आणि २५० ग्रॅमची उचल जाते. यान तरंगायला आपण ५० ग्रॅमच जास्त ठेवतो. म्हणजे जितकं खाली तितकं जड, आणि मोटर बंद पडली तर ते वर येणार नाही. १९६० मध्ये मारियाना गर्तेच्या तळाशी गेलेल्या त्रिएस्ते या खोल समुद्रातल्या यानालाही हेच गणित सांभाळावं लागलं. उचलीसाठी सुमारे ८५,००० लिटर पेट्रोल होतं, आणि पेट्रोल पाण्यापेक्षा जास्त दबतं. परत येण्यासाठी लोखंडी छर्रे विद्युतचुंबकाने धरून ठेवले होते. वीज गेली तर छर्रे आपोआप सुटणार आणि यान वर येणार. ही रचना फार सुंदर आहे.

आपल्याकडे आता ४० मिमी पीव्हीसी पाइपचे ३०० मिमीचे दोन तुकडे आहेत, टोप्या सॉल्व्हंट सिमेंटने बंद. दोन्ही मिळून अर्धा किलो उचलतात आणि या खोलीवर आक्रसत नाहीत. ते वर, शिसं तळाच्या चौकटीला. अंतर जितकं जास्त तितकं यान पटकन सरळ होतं.

विहिरीत जुळवलेलं वजन समुद्रात चालणार नाही. खाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम उचल वाढते, आणि पूर्ण यान ४.६ लिटर आहे. ११५ ग्रॅम शिशाचे तुकडे वेगळे वजन करून पिशवीत बांधून ठेवले आहेत.